आयकॉन ऑफ द सीज: एवढं मोठं जहाज हवंच कशाला?

रेतीबंदर: रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं हे प्रवासी जहाज फिनलंडमधल्या मेयर तुर्कू गोदीत बांधलं, जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. लांबी ३६५ मीटर, २० डेक. खच्चून भरलं तर ७,६०० प्रवासी, वर २,३५० कर्मचारी. समुद्रावर जायचं आणि सात तलावांत डुंबायचं! वर एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालतं म्हणून पर्यावरणाचा टेंभा. मला हा सगळा प्रकार अनाठायी वाटतो.

इंजिनरूम: तुम्हाला गर्दी आवडत नाही एवढाच मुद्दा दिसतोय, तर जाऊ नका. पण एलएनजीला नावं ठेवण्याआधी जुन्या जहाजांचं जड तेल आठवा, ते डांबरासारखं घट्ट, तापवून पातळ केल्याशिवाय इंजिनात जातच नाही. एलएनजीत गंधक जवळपास नाही, काजळी नगण्य, कार्बन डायऑक्साइडही कमी.

कोरडवाहू: आणि मिथेन? एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेनच. या जहाजावरची वार्टसिला कंपनीची सहा इंजिनं फोर-स्ट्रोक, दुहेरी इंधनाची (वायू आणि तेल दोन्हींवर चालणारी). अशा इंजिनांत थोडा वायू न जळताच धुराड्यातून निसटतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापदायक. काजळी दिसते म्हणून बोंब होते, हा दिसत नाही म्हणून जाहिरात.

इंजिनरूम: गळती आहे, मान्य. कमी लोडवर जास्त होते, हेही खरं. म्हणून परत जड तेल जाळायचं का? पर्याय सांगा.

कोरडवाहू: पर्याय रेतीबंदर यांनी आधीच सांगितलाय, लहान जहाज.

म्हापसेकर: धुराचं चाललंय ते चालू द्या. आमच्या गोव्यात घरटी नाही तरी वाड्यागणिक एक जण क्रूझवर असतो. जहाजावर झेंडा बहामाचा, म्हणजे नोंदणी तिथली, त्यामुळे अमेरिकेचं किमान वेतन लागू नाही. आंतरराष्ट्रीय नियमात दिवसाला किमान १० तास विश्रांती, तीही दोन तुकड्यांत चालते. सलग झोप किती मिळते, केबिन आवरणाऱ्या पोराला विचारा.

रेतीबंदर: तरी पोरं जातातच ना?

म्हापसेकर: जातात. गावात तेवढे पैसे कोण देतो? म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत का?

इंजिनरूम: अवांतर: मुंबईहून गोव्याला जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज मुळात रॉयल कॅरिबियनचंच, १९९० चं. एकूण आकारमानात आयकॉनच्या पाचव्या हिश्श्याएवढं. कोरडवाहू, घ्या तुमचं लहान जहाज. इंजिनं मात्र जुन्या जमान्याची.