चिंगीला एकदा पिल्लं होऊ द्यावीत का? सासूबाई हो म्हणतात, नवरा नाही म्हणतो

सई_मुलुंड

आमची चिंगी काळी लॅब्राडोर, अडीच वर्षांची. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हीटवर (माजावर) येईल असा अंदाज आहे. ठाण्याला ओळखीच्या एकांकडे पिवळा लॅब नर आहे. ते म्हणतात, मेटिंग करू, पैसे नकोत, एक पिल्लू द्या. सासूबाईंचं म्हणणं, "मुक्या जनावराचीसुद्धा एकदा कूस उजवायला हवी, नाहीतर पुढे आजार होतात." नवऱ्याचा साफ नकार. चिंगीचं सगळं मीच बघते, त्यामुळे निर्णय माझ्यावर आलाय.

माझं मन का हललं ते सांगते. गेल्या हीटनंतर दोनेक महिन्यांनी तिने मुलीचा कापडी ससा उचलला आणि दिवाणाखाली नेला. जुनी चादर उकरून उकरून गोल खळगा केला आणि त्यात त्याला घेऊन बसली. त्याला चाटायची, कोणी वाकून बघितलं की गुरगुरायची. आजवर कोणावर गुरगुरलेली नाही ती! आचळांना दूध आलं होतं. चार दिवस जेवायलाही धड बाहेर येईना. तेव्हापासून वाटतं, आपण हिच्यापासून काही हिरावून घेतोय का?

घर दोन बेडरूमचं, सहाव्या मजल्यावर. मी दिवसभर घरी असते. दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत, स्पष्ट लिहा.

अण्णा_भांडुप

होऊ द्या. आमच्या राणीला सात पिल्लं झाली होती, तीही लॅबच. बाहेरच्या खोलीत पत्र्याच्या पेटीशेजारी जागा केली होती. दहाव्या-बाराव्या दिवशी डोळे उघडले, तिसऱ्या आठवड्यात सगळी फौज घरभर. माझी मुलं तेव्हा शाळेत होती, ते दोन महिने ती अजून विसरलेली नाहीत. सातही पिल्लं ओळखीच्या घरी गेली, पाच तर शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर होती.

मुख्य मुद्दा वेगळा आहे. घरात वाढलेल्या, शांत स्वभावाच्या सगळ्या माद्यांची नसबंदी करत सुटलो तर पुढची पिल्लं येणार कुठून? पिंजऱ्यातून. पिल्लाचा स्वभाव तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात घडतो. त्या वयात ज्याने कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, लहान मुलाचं रडणं ऐकलं ते पिल्लू आयुष्यभर धीट राहतं. पिंजऱ्यातल्या पिल्लाला हे कुठून मिळणार? लोक लॅब घ्यायचे थांबणार नाहीत, सईताई. मग ते तुमच्यासारख्या घरातून गेलेलं काय वाईट?

रानजाई

अण्णा, तुमची सात घरं टिकली याचा आनंद आहे. मी नऊ वर्षं सोडून दिलेल्या कुत्र्यांना घरं शोधते, म्हणून माझ्या बाजूने काय दिसतं ते लिहिते.

सई, कुत्री गाभण असताना "आम्हाला एक ठेव हं" म्हणणारे दहा जण भेटतील. आठव्या आठवड्यात त्यातले तीन फोन उचलतील. आणि खरी परीक्षा आठव्या आठवड्यात नसते. दहाव्या महिन्यात असते, जेव्हा पिल्लू 25 किलोचं होतं, सोफा कुरतडतं, आणि घरमालक करार वाढवत नाही. गेल्या पावसाळ्यात स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडजवळ एक लॅब मादी मिळाली. गळ्यात पट्टा, आचळं लोंबलेली, म्हणजे वेतं काढून काढून सोडलेली. दर रिक्षा थांबली की उठून आत बघायची. दोन दिवस तिथून हलली नाही.

तीही कधीतरी कुणाच्या घरातलं आठ आठवड्यांचं गोजिरवाणं पिल्लूच होती. चिंगीला सात-आठ पिल्लं झाली, तर त्यातलं प्रत्येक दहा-बारा वर्षं जगणार. तेवढ्या वर्षांत एखादं परत आलं तर तुम्ही ते घ्याल का? या प्रश्नाला "हो" नसेल तर पुढे जाऊ नका.

मीना_कुर्ला

मी एकदा केलं होतं. पुन्हा कधी करणार नाही.

आमची बीगल. जुलैचा महिना. आदल्या दिवशी तिचं तापमान 99 फॅरनहाइटच्या खाली आलं, म्हणजे चोवीस तासांत व्यायची, हे माहीत होतं. टॉवेल, निर्जंतुक दोरा, कात्री, सगळी तयारी. रात्री अकराला कळा सुरू झाल्या. एक वाजला तरी पिल्लू नाही, आणि हिरवा स्राव सुरू झाला. पिल्लू यायच्या आधी असा स्राव म्हणजे वार सुटायला लागली. बाहेर धो धो पाऊस, रस्त्यावर गुडघाभर पाणी, तीन टॅक्सीवाल्यांनी कुत्रं बघून नाही म्हटलं. चौथ्याने नेलं. सिझेरियन झालं. सहातली चार वाचली.

तिने दोन दिवस पिल्लांना जवळ घेतलं नाही. दर दोन तासांनी पावडरचं दूध ड्रॉपरने पाजायचं, मग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोट आणि शेपटीखाली पुसायचं. आई चाटते तेव्हाच त्यांना लघवी होते, आपल्याआप होत नाही. पहिले दोन आठवडे त्यांना स्वतःची ऊबही धरता येत नाही, म्हणून टोपलीखाली गरम पाण्याची पिशवी. पाचव्या दिवशी पहाटे एक पिल्लू माझ्या तळहातावर गार पडलं. मुठीएवढं होतं. त्याचं नाव ठेवलं नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं.

सई, तारखा मोजा. मेच्या मध्यावर मेटिंग, 63 दिवस धरले तर जुलैचा मध्य. ऐन पावसात बाळंतपण. पुढे आठ आठवडे म्हणजे सप्टेंबर. गणपतीत अर्धी मुंबई कोकणात असते, तेव्हा पिल्लू न्यायला कोण येणार?

अण्णा_भांडुप

मीनाताई, वाचून वाईट वाटलं. पण लॅबचं बाळंतपण बहुतेक वेळा सोपं जातं हेही खरं. अडलं तर परळचं बैलघोडा, जनावरांचं जुनं हॉस्पिटल, आहे, हल्ली महालक्ष्मीला मोठं हॉस्पिटल झालंय. पूर्वीसारखी परिस्थिती नाही. भीतीपोटी नाही म्हणू नये.

पशुवैद्य_ऐरोली

मी प्रॅक्टिस करतो, सशाबद्दल लिहितो, कारण सगळा धागा त्यावर उभा आहे.

कुत्रीच्या शरीरात हीटनंतर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन साधारण दोन महिने चढलेलं राहतं, मेटिंग झालं असो वा नसो. ते उतरतं तसं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढतं. मग दूध येतं, जागा उकरली जाते, मोजा किंवा खेळणं पिल्लू म्हणून सांभाळलं जातं. याला खोटी गर्भधारणा म्हणतात आणि ती अगदी सर्रास दिसते. तुम्ही पाहिलंत ते खरंच होतं, पण ती शरीराची घडी आहे, राहून गेलेली इच्छा नव्हे. एकदा पिल्लं झाली म्हणून पुढच्या हीटनंतर हे होणार नाही असंही नाही. पुन्हा झालं तर खेळणं शांतपणे उचलून ठेवा, आचळं चोळू नका, फिरणं वाढवा.

"कूस उजवली नाही तर आजार" यात तथ्य अर्धवट आहे. आजार गर्भाशय राहिल्यामुळे होतो, पिल्लं न झाल्यामुळे नाही. पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू होणं. हीटनंतर महिना-दोन महिन्यांत होतो, वय वाढेल तसा धोका वाढतो, आणि एका वेताने त्यापासून खात्रीचं संरक्षण मिळत नाही. खूप पाणी पिणं, खाणं सोडणं, मागून घाण स्राव, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी आणायचं. कधी स्राव बाहेर येतच नाही, ते जास्त घातक.

नसबंदीची दुसरी बाजूही सांगतो. वजन वाढतं, काही माद्यांना पुढे झोपेत लघवी गळते. मोठ्या जातीत फार लवकर केली तर सांध्यांचे त्रास वाढतात, म्हणून लॅबच्या बाबतीत वाढ पुरी होईपर्यंत थांबावं असं आता आम्ही बरेच जण सांगतो. चिंगी अडीच वर्षांची आहे, तो प्रश्न उरला नाही. स्तनांच्या गाठींपासूनचं संरक्षण पहिल्या-दुसऱ्या हीटआधी केलं तर सर्वांत जास्त मिळतं, तिच्या वयात कमी.

आणि ब्रीडिंग करायचंच असेल तर आधी दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे. लॅबमध्ये हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, आनुवंशिक आहे. उड्या मारणारं, धावणारं कुत्रं म्हणजे खुबे चांगले असं नसतं. डोळे तपासा. दोघांची वंशावळ बघा.

खाडीकाठी_वाशी

एक कायद्याचं. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे विक्रीसाठी ब्रीडिंग करायचं तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादी 18 महिन्यांपेक्षा लहान नको, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नको, आयुष्यात पाचाच्या वर नको, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. "घरगुती आहे, चालतं" असं समजू नका.

अण्णा_भांडुप

डॉक्टर, एक्स-रेचं मान्य. आमच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं, आणि राणीच्या दोन पिल्लांना पाचव्या वर्षीच जिना चढता येईना हे मी वर लिहायला हवं होतं. सईताई, ठाण्याच्या नराचे कागद मागा. घरगुती ब्रीडिंगच्या बाजूचा मी अजूनही आहे, पण नीट करा.

सई_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. मीनाताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला.

ठाण्याला फोन केला. एक्स-रे काढलेले नाहीत, "काही गरज नाही, एकदम फिट आहे" असं म्हणाले. वंशावळीचे कागद नाहीत. मग विचारलं, पिल्लू कुणाकडून घेतलं होतं? आम्ही चिंगी ज्याच्याकडून घेतली, तोच माणूस. ती सहा महिन्यांनी मोठी असेल इतकाच फरक. त्या माणसाला विचारलं तर "बाप एकच होता बहुतेक" इतक्या सहज सांगून मोकळा झाला.

अण्णा_भांडुप

मग हा नर नाहीच. सावत्र का होईना, भावंडं आहेत. प्रश्नच मिटला. दुसरा शोधायचा असेल तर मी ओळखी काढतो.

रानजाई

अण्णा, नर बदलला तरी सात-आठ घरांचा प्रश्न तसाच राहतो.

अण्णा_भांडुप

राहतो. पण म्हणून कोणीच करू नये हे मला पटत नाही. ज्यांची तयारी आहे त्यांनी करावं. सईताईंची आहे की नाही ते त्या ठरवतील.

सई_मुलुंड

ठरवलं. रानजाईंच्या प्रश्नावर दोन रात्री विचार केला. दहा वर्षांत कधीही परत आलं तर घेईन का? एक घेईन. दोन घेताना नवऱ्याकडे बघावं लागेल. तिसरं नाही घेऊ शकणार. म्हणून नाही. दुसरा नरही नको, अण्णा, पण तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते फार उपयोगी पडलं.

नसबंदी हीट संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे गणपतीच्या आधी. सासूबाईंना अजून पटलेलं नाही. त्यांचं चिंगीवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम आहे, त्यामुळे वेळ लागेल.

आता एकच. मेची हीट कशी सांभाळू? खाली आवारात चार नर आहेत, दोन सोसायटीतले आणि दोन रस्त्यावरचे.

रानजाई

पूर्ण तीन आठवडे पट्टा सोडायचा नाही, गच्चीवरसुद्धा. रक्त कमी झालं, पाणचट झालं म्हणजे संपलं असं समजू नका, बहुतेक माद्या तेव्हाच नराला जवळ येऊ देतात. सकाळी साडेपाचला आणि रात्री अकरानंतर खाली न्या, मागच्या गेटने. वॉचमनला सांगून ठेवा, दोन नर बांधून ठेवतील का तेही त्या घरांना विचारा. रस्त्यावरच्या दोघांची नसबंदी झालीय का? कानाचं टोक कापलेलं असेल तर झालेली असते. नसेल तर मला कळवा, तेही करून टाकू.