नजर चुकवली म्हणजे खोटं?

'नजर चुकवली की समजायचं, पोर खोटं बोलतंय' असं पुष्कळदा ठामपणे सांगितलं जातं, ते काही पटलं नाही. मानसशास्त्रज्ञ तलवार आणि ली यांच्या 2002 च्या प्रयोगात मुलांना खोलीत एकटं ठेवून 'मागचं खेळणं बघू नकोस' असं बजावलं होतं. बहुतेकांनी चोरून पाहिलं आणि वर 'नाही पाहिलं' म्हणाली. चेहऱ्यावरून मोठ्यांना ते ओळखता आलं नाही. पण 'मग काय असेल तिथे?' विचारताच लहानगी खेळण्याचं नाव सांगून मोकळी! सहा-सात वर्षांची निम्मी मात्र तिथेही सावध.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत लिफ्टची सगळी बटणं दाबल्याची चौकशी होते, तेव्हा वॉचमनकाका कुणाचं तोंड बघत नाहीत. 'कितव्या मजल्यावर अडकली रे?' एवढंच विचारतात. नजर खाली घालणारा बहुधा नुसता घाबरलेला असतो.