वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला की रात्री प्रार्थनेत मन ठरत नाही, काय करावं?

दर्याकाठ_वेंगुर्ला:
1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की नवरा ट्रॉलरवर, आणि वर सोसायटीचं कर्ज. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की रात्रभर मोबाईल हातात. रोझरी (जपमाळ) धरली तर दुसऱ्या दशकापर्यंत (दहा मण्यांचा एक गट) मन बंदरावर. घरचे म्हणतात, विश्वास कमी पडतो. नेमकं काय आणि कसं करावं?

जुनी_वही:
'विश्वास कमी' हे आधी डोक्यातून काढा. बायबलात मार्कच्या 4थ्या अध्यायात शिष्य वादळात ओरडतात, 'तुम्हाला काळजी नाही का?' तिथे येशू आधी वारा शांत करतो, विश्वासाचं नंतर विचारतो.

आता बायबलमधलं स्तोत्र 13 काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर' असा सवाल चारदा येतो, 3-4 मध्ये मागणी, 5-6 मध्ये भरवसा. त्याच क्रमाने वहीत लिहा. गाऱ्हाणं मोघम नको: 'हप्ता 10 तारखेला, चार हजार कमी' असं. मागणी एका वाक्यात. मग भरवशाचं एक वाक्य, मनात तसं वाटत नसलं तरी. दहा मिनिटांत होतं. बहुतेक जण गाऱ्हाणं गाळून थेट भरवशावर उडी मारतात, मग न बोललेली चिंता मध्यरात्री परत येते. बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्रात 4:6 मध्ये पौल मागणीसोबत आभारही मानायला सांगतो, आणि तो स्वतः तेव्हा बंदिवासात होता. आभारही नेमके असू देत, बर्फाला पैसे पुरले एवढे चालतील.

मणी_मोजणारी:
पाचही दशकं नकोत, एकच घ्या. एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा', दहा 'नमो मरिये', एक 'गौरव' ही छोटी प्रार्थना. सावकाश म्हटलं तरी पाच मिनिटं. दुःखाची रहस्यं (येशूच्या दुःखाचे प्रसंग, दर दशकाला एक) मंगळवारी-शुक्रवारी असतात, पण त्यातलं पहिलं, गेथशेमने बागेतल्या प्रार्थनेचं, अशा रात्री कुठल्याही वारी घ्या. तिथे येशू स्वतःच घाबरलेला आहे. मन बंदरावर गेलं तर पुढची नमो मरिया त्या होडीसाठी म्हणा आणि पुढे चला. मणी पहिल्यापासून मोजायला लागू नका. 'नीट झाली नाही' म्हणून परत परत म्हणणं हीच नवी चिंता होऊन बसते. आणि हे पाटावर किंवा खुर्चीत बसून, अंथरुणात नको.

दर्याकाठ_वेंगुर्ला:
दारावर स्तोत्र 91 लावलंय. ते रोज वाचलं तर?

जुनी_वही:
वाचा, पण ताईत म्हणून नको. मत्तय 4:6 मध्ये सैतान येशूला मोहात पाडायला हेच स्तोत्र ऐकवतो. दर्यावरच्यांसाठी स्तोत्र 107:23-30 बरं, त्यात लाटांनी डुलणारी, अक्कल गुंग झालेली माणसं देवाला हाक मारतात.

किनारा_रत्नागिरी:
काही गोष्टी राहिल्या. हवामान खात्याचा इशारा दिवसातून दोनदा बघा, संध्याकाळच्या प्रार्थनेआधी शेवटचा. व्हॉट्सॲपवरचे 'अकरा जणांना पाठवा' वाले आशीर्वाद बिनधास्त पुसून टाका. हप्त्याचं सोसायटीत जाऊन तारखेआधी बोला, चुकल्यावर नाही.

झोप दोन आठवडे उडालेलीच राहिली, छाती धडधडली, जगणं नको वाटलं, तर डॉक्टर. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीतही बोलतात. प्रार्थना गटातल्या कुणी गोळ्या बंद करा म्हटलं तर ऐकू नका. फादरना हे सगळं सांगितलं तर तेही डॉक्टरकडे जाच म्हणतील.