पाय सुजलेत, तरी डायलिसिसमध्ये पाणी कमी का काढतात?

खानापूरहून विचारतोय. आई अडीच वर्षं डायलिसिसवर. न्यूमोनिया झाला म्हणून बेळगावला आणली, आयसीयूत आहे. एरवी हिशेब सोपा असायचा: कोरडं वजन (जादा पाणी नसतानाचं) 50, काट्यावर 52 भरलं की दोन लिटर काढायचं. आता ती उभीच राहत नाही. परवा चार तासांत 3 लिटर काढायला घेतलं. दुसऱ्या तासाला बीपी 80 वर आलं, हातपाय गार पडले, मशीन थांबवलं. काल छातीची सोनोग्राफी केली आणि म्हणाले, आज अर्धाच लिटर. पायावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहतो ओ! मग कमी का?

निपाणी, डायलिसिस टेक्निशियन
भाऊ, मशीन फक्त रक्तातलं पाणी ओढतं. पायातलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो, अल्ब्युमिन कमी असेल तर आणखी उशीर. तेवढ्यात ओढ जास्त झाली की बीपी पडतं. किलोमागे ताशी 13 मिली ही आम्ही वरची हद्द धरतो. आईंना ताशी 650 होते, परवा ताशी 750 ने ओढलं. आयसीयूत सहा-आठ तास हळूहळू चालवलेलं बरं.

चिकोडी, फिजिशियन
फुप्फुसात पाणी असलं की सोनोग्राफीत उभ्या पांढऱ्या रेघा दिसतात, त्या बी-लाइन्स. पण न्यूमोनियातही त्या येतात, तेव्हा दोन्ही बाजू ताडून बघाव्या लागतात. मग पोटातली मोठी शीर बघतो: श्वासाबरोबर चपटी होत असेल तर रक्तात पाणी बेताचंच. व्हेंटिलेटरवर मात्र हा अंदाज चुकतो. तिथे पाय 45 अंश उचलून मिनिटभर इकोवर हृदयाचा पंप बघायचा. पंप वाढला तर हृदयाला रक्त कमी पडतंय, पाणी ओढणं पेशंटला झेपणार नाही, असं मी धरतो. हातापायाला पट्ट्या लावून बारीक करंट सोडून अंगातलं पाणी मोजायचं यंत्रही आहे. ओपीडीत चांगलं, पण इतक्या सुजेत आकडा फसवतो. एकट्या आकड्यावर मी कधीच पाणी काढत नाही. व्हेंटिलेटर आहे का?

खानापूर
नाही डॉक्टर, नुसता ऑक्सिजन. आज राउंडला धीर करून विचारलं, त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. उजवीकडे रेघाच रेघा, डावीकडे एक-दोनच. म्हणजे बराचसा न्यूमोनियाच. रात्री आठ तास लावून 1 लिटर काढलं, बीपी 110 च्या खाली गेलं नाही. आईच्या वहीत वजनाशेजारी रेघांचा रकाना आखलाय.