कागदावर १४०, रस्त्यावर ८५: विजेच्या मोटरसायकलची खरी रेंज कशी ओळखावी?

चाकणवारी:

नमस्कार. गेले सात महिने मी विजेवर चालणारी मोटरसायकल वापरत आहे. बॅटरी साडेतीन किलोवॅट-तासांची असून माहितीपत्रकात एका चार्जिंगवर १४० किलोमीटर रेंज दिलेली आहे. पुण्यातील वारजे ते चाकण औद्योगिक वसाहत असा माझा रोजचा प्रवास जाऊन-येऊन ७८ किलोमीटरचा होतो आणि त्यातले निम्म्याहून अधिक अंतर बाह्यवळण महामार्गावर, ताशी ६५ च्या आसपास वेगाने कापले जाते. सकाळी १०० टक्के घेऊन निघालो, तर संध्याकाळी घरी पोहोचताना ९ टक्के उरतात. परवा भूमकर चौकात २४ टक्के दिसत होते, ते चांदणी चौकाचा चढ संपेपर्यंत १२ वर आले आणि गाडीने आपणहून वेग आवरता घेतला. मागच्या ट्रकचे हॉर्न ऐकत, डाव्या कडेने रांगत मी उतार गाठला. सेवा केंद्राने लॅपटॉप जोडून पाहिला आणि ‘बॅटरी उत्तम आहे’ असे सांगून मला वाटेला लावले. बॅटरी खरोखर ठीक आहे का, आणि हे घरच्या घरी कसे पडताळावे?

मीटरवाचक:

आपण दिलेल्या आकड्यांवरूनच बरेचसे उत्तर निघते. ३५०० वॅट-तासांचे ९१ टक्के म्हणजे सुमारे ३१८५. त्याला ७८ ने भागले, तर किलोमीटरमागे जवळजवळ ४१ वॅट-तास खर्च पडतो. १४० किलोमीटरच्या दाव्यात हाच खर्च २५ धरलेला आहे. तेव्हा बॅटरीत वीज कमी आहे की रस्त्यावर ती जास्त खर्च होते आहे, हे आधी वेगळे करायला हवे.

पहिली बाब तपासणे सोपे आहे. विजेच्या दुकानात प्लगमध्ये बसणारा छोटा युनिट-मीटर मिळतो. ९-१० टक्के उरलेले असताना गाडी त्यावर लावा आणि १०० टक्के होईपर्यंत किती युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) ओढली जातात ते लिहून ठेवा. चार्जरमधील घट धरूनही साडेतीन युनिटांच्या थोडे वर आकडा आला, तर बॅटरीची क्षमता शाबूत आहे असे समजावे; पावणेतीनच्या आसपास अडकला, तर तो कागद घेऊन पुन्हा सेवा केंद्रात जा. तोंडी तक्रारीपेक्षा हा कागद अधिक बोलतो.

आता खर्चाकडे वळू. भारतात दुचाकीची रेंज ज्या चालन-चक्रावर, म्हणजे वेग कमी-जास्त करण्याच्या ठरावीक चाचणी-क्रमावर मोजली जाते, त्यात कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग २२ च्या आसपास असतो. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे, पण चाचणी रोलरवर होते, बाह्यवळणावर नव्हे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ४५ ऐवजी ६५ ने गेल्यास केवळ हवा कापण्यासाठी दर किलोमीटरला दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. मोटरसायकलवर माणूस ताठ बसलेला असतो आणि त्याच्या छातीचेच शीड होते. त्यामुळे ६५ च्या वेगाला ४१ हा आकडा मला मुळीच संशयास्पद वाटत नाही.

घाटमाथा:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु चांदणी चौकाच्या चढाबद्दल थोडे वेगळे सांगावेसे वाटते, कारण आपण सगळेच चढाला उगाच दोष देतो. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो धरले, तर १०० मीटर उंची चढायला निव्वळ ५५ वॅट-तास लागतात. मोटर, कंट्रोलर आणि चेन यांतील घट मिळवली तरी ७० च्या आत. साडेतीन किलोवॅट-तासांच्या बॅटरीचे हे जेमतेम दोन टक्के झाले. मग २४ चे १२ कसे झाले? एक तर ते सगळे अंतर आपण वेगातच कापले असणार. दुसरे म्हणजे चार्ज उतरत आला की बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आधीच खाली आलेले असते. तेवढीच शक्ती द्यायची तर प्रवाह वाढवावा लागतो, प्रवाह वाढला की आतल्या रोधामुळे दाब आणखी बसतो, आणि सर्वांत अशक्त सेल ठरलेल्या मर्यादेला टेकला की बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, हात आखडता घेते. साठा शिल्लक असूनही गाडी मंदावते ती यामुळे. म्हणून २५ टक्क्यांखाली चढ आला, तर पायथ्यापासूनच वेग ४० वर आणावा. थ्रॉटल पिळून चढ ‘मारून नेण्याची’ पेट्रोल गाडीची सवय येथे महागात पडते.

आणखी एक. गाडी मधल्या स्टँडवर किंवा पॅडॉकवर (मागचे चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घेऊन मागचे चाक हाताने फिरवून पाहा. एक-दीड फेरीतच थांबत असेल, तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन अवाजवी ताणलेली आहे. माझ्या गाडीत हे दोन्ही निघाले होते. टायरमधील हवा तर पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर कधीच सोडू नये.

वऱ्हाडी ऊन:

अकोल्याहून लिहीत आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि त्याने रेंज घटते असा सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव उलट आहे: उन्हाळ्यात रेंज फारशी हलत नाही, मात्र तापलेल्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नये. गाडी तासभर सावलीत निवू द्यावी. मी तर पहाटे चारचा टायमर लावून झोपतो. तसेच रोज ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे, हा नियम सर्वांनीच पाळावा.

मीटरवाचक:

निवू देण्याचा सल्ला अगदी योग्य आहे, पण ८० टक्क्यांचा नियम सरसकट लावता येत नाही. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या सेलना तो मानवतो. लोह-फॉस्फेट सेलचे व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे साठा किती उरला याचा बीएमएसचा हिशेब हळूहळू चुकत जातो आणि पडद्यावरचे टक्के अचानक घसरतात. अशी बॅटरी अधूनमधून १०० पर्यंत नेऊन सेलना समतोल साधायला वेळ द्यावाच लागतो. आपल्या गाडीत कोणते सेल आहेत ते माहितीपुस्तिकेत पाहावे. शिवाय ७८ किलोमीटर जाणाऱ्या माणसाला ८० टक्के भरून निघा म्हणणे म्हणजे त्याला चांदणी चौकातून गाडी ढकलत न्यायला सांगणे आहे.

चाकणवारी:

सर्वांचे आभार. तीन आठवडे वहीत नोंदी ठेवल्यानंतर लिहीत आहे. युनिट-मीटरवर ९ ते १०० टक्के होण्यास ३.६ युनिट लागली, म्हणजे सेवा केंद्राचे म्हणणे खरे होते. मात्र मागच्या टायरमध्ये हवा बरीच कमी होती आणि चाक दुसरी फेरी पूर्ण करत नव्हते. ब्रेक सैल करून, हवा भरून आणि महामार्गावर ६५ ऐवजी ५० चा वेग ठेवून आता घरी पोहोचताना २१ टक्के उरतात. किलोमीटरमागे खर्च ३५ वर आला आहे. वेळ प्रत्येक फेरीला सात-आठ मिनिटे अधिक लागतो. पत्नीला मागे बसवून एकदा याच मार्गाने गेलो होतो, तेव्हा मात्र १३ टक्केच उरले. कंपनीच्या सायकल-स्टँडजवळ एक १५ अँपिअरचा प्लग आहे, त्यासाठी अर्ज दिला आहे. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास जरी मिळाला, तरी चांदणी चौकात पडद्याकडे पाहावे लागणार नाही.