घरच्या अंगणातला दुर्मीळ बर्फ आणि आपली कुत्री : अनुभव लिहावेत

आमच्याकडे बर्फ क्वचितच पडतो. आमच्या आठ वर्षांच्या लॅब्रॅडॉरने तर तो परवा पहाटे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. दार उघडताच ती उंबरठ्यावर थबकली, एक पंजा पुढे टाकून लगेच मागे घेतला, नाक खुपसून जोरात शिंकली आणि मग एकाएकी अंगणभर गोल गोल धावत सुटली. रोज हुंगायच्या तिच्या ठरलेल्या जागा झाकल्या गेल्यामुळे तिला अंगणच नवे वाटले असावे. आपल्या कुत्र्यांबरोबर ज्यांनी असा बर्फ अनुभवला आहे, त्यांनी तो येथे सविस्तर लिहावा, ही विनंती. (खालचा प्रत्येक परिच्छेद म्हणजे वेगवेगळ्या वाचकाने दिलेले उत्तर.)

आमचा हस्की बर्फ सुरू झाल्यापासून आत यायला तयारच नव्हता. त्याच्या पाठीवर साचलेला बर्फ वितळत नाही, हे पाहून मी आधी घाबरले; पण केसांखालच्या दाट लोकरीमुळे अंगातली ऊब बाहेर येत नाही, म्हणूनच वरचा बर्फ तसाच राहतो, हे समजल्यावर जिवात जीव आला. पंजे उघडे असूनही त्यांना फारसा त्रास का होत नाही, हे जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले आहे : तेथील धमन्या आणि शिरा एकमेकींना इतक्या लगटून असतात, की परतणारे थंड रक्त वाटेतच तापते.

आमच्या डॅशहुंडचे पोटच बर्फाला टेकत होते, म्हणून मी फावड्याने त्याच्यासाठी अरुंद वाट काढून दिली. त्या वाटेवरून तो मोठ्या ऐटीत चालला. आखूड केसांची लहान कुत्री लवकर गारठतात, त्यामुळे तो थरथरू लागताच त्याला उचलून आत आणले.

माझा अनुभव लांब केसांच्या स्पॅनिअलचा. खेळून आल्यावर तिच्या बोटांच्या बेचक्यांत वाटाण्याएवढ्या बर्फाच्या गोळ्या केसांना घट्ट चिकटल्या होत्या. पहिली गोळी मी ओढून काढली आणि ती कळवळली. याचे मला अजून वाईट वाटते. नंतर कोमट पाण्यात एकेक पंजा धरून ठेवला, तेव्हा गोळ्या आपोआप सुटल्या. रस्त्यावर मीठ टाकलेले असेल, तर पंजे धुणे टाळू नये, कारण मिठाने तळवे चुरचुरतात आणि कुत्री ते चाटून पोटात घेतात.

आमची म्हातारी कुत्री आता चालू शकत नाही. इतर दोघे बाहेर बागडत असताना तिने आतूनच कान टवकारले होते, म्हणून मी तिच्या वाडग्यात मूठभर स्वच्छ बर्फ भरून आणला. तिने तो बराच वेळ हुंगला, दोनदा चाटला आणि मग वाडग्याच्या कडेला हनुवटी टेकवून, तो वितळेपर्यंत तशीच पडून राहिली.