जुना डेस्कटॉप: रॅम-एसएसडी घालून चालवू की दुसराच घेऊ? (डीटीपी-झेरॉक्सचं काम)

खानापूर_डीटीपी

नमस्कार मंडळी. दुकानातला डेस्कटॉप फारच मंद झालाय. प्रोसेसर इंटेल आय३-४१३०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबी हार्डडिस्क, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), विंडोज १०.

काम दोन तऱ्हेचं. एक म्हणजे मराठी-कन्नड लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. त्यासाठी जुनं कोरलड्रॉ आणि डोंगलवर (पोर्टात लावायची, परवान्याची चावी) चालणारं लिपी सॉफ्टवेअर आहे. दुसरं ऑनलाइन: कर्नाटक सरकारच्या भूमी पोर्टलवरून जमिनीचे उतारे, सेवासिंधू पोर्टलचे अर्ज, स्कॅन करून पीडीएफ. क्रोममध्ये पाच-सहा टॅब उघडले की माउससुद्धा अडकतो. एक दुकानदार म्हणतो, आय७ घाला, रॅम १६ करा, एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका. दुसरा म्हणतो, भंगारात द्या. काय करूया?

टिळकवाडी_हार्डवेअर

आधी मशीन कशावर अडतंय ते बघा, मग पाकीट काढा. नेहमीची सगळी कामं उघडा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये जा. तीन आकडे टिपा: सीपीयू किती टक्के, मेमरीत ‘कमिटेड’ (प्रोग्रामांनी मागितलेली एकूण मेमरी) किती, आणि डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम. डिस्क १०० टक्के दाखवत असेल आणि वाचण्याचा वेग १-२ एमबीवर रेंगाळत असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. फिरती हार्डडिस्क सेकंदाला शंभर-दीडशेच तुटक वाचनं करते, साधी साटा एसएसडी हजारोंनी करते. चालू व्हायला लागणारा वेळ तिथंच जातो.

आय७ चा नाद सोडा. जुनं कोरल बहुतेक एकाच कोअरवर चालतं, त्याला जादा कोअर मिळून काही फरक पडत नाही. शिवाय ४७९० सारखा प्रोसेसर घेतलात तर जुन्या एच८१ बोर्डाला आधी बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागतो. ते न करता बसवला की स्क्रीन काळी, आणि मग दुकानदार म्हणणार बोर्ड गेला.

त्याच बैठकीत क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरच्या ओळी बघा. आकडे हेक्समध्ये (० ते ९ नंतर ए ते एफ) दिसतात. शून्याशिवाय काहीही असेल तर आजच डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. सीडीआर फायली सगळेच घेतात, फाँट मात्र विसरतात. विंडोजमधलं फाँट्सचं फोल्डर अख्खं कॉपी करा, नाहीतर जुन्या पत्रिका उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतील.

निपाणीकर_७१

एसएसडीला माझी ना नाही, पण रॅमवर पैसे घालू नका. डीडीआर३ ची पट्टी पुढच्या मशीनमध्ये बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. एसएसडी मात्र उद्या काढून कुठंही लावता येते. जे दुसऱ्या मशीनमध्ये जाईल त्यावरच खर्च करायचा.

दुसरं म्हणजे विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तीही २२एच२ आवृत्ती असेल तरच. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचा इंटेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तुमचा चौथ्या पिढीचा. पळवाटेनं ११ टाकता येतं आणि चालतंही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लोकांचे आधार, बँक पासबुक ज्या मशीनवर स्कॅन होतात, तिथं हा खेळ नको.

खानापूर_डीटीपी

बघितलं. सीपीयू ३०-४० टक्के, डिस्क सतत १००. सी५ समोर ८, बाकी शून्य. मेमरी ‘कमिटेड’ ६.१ जीबी. सिस्टीम टाइपमध्ये ‘३२ बिट’ लिहिलंय, आणि ४ जीबीपैकी ३.१६ वापरण्याजोगी. डोंगल मागच्या प्रिंटर पोर्टात आहे, यूएसबीचा नव्हे.

टिळकवाडी_हार्डवेअर

होय की, गाठ इथंच आहे. ३२ बिट विंडोज १० ला ४ जीबीच्या पुढची रॅम दिसतच नाही. दुकानदारानं १६ घातली असती तरी तुम्हाला ३.१६ च मिळाली असती. ‘कमिटेड’ ६ च्या वर म्हणजे उरलेलं बरंचसं हार्डडिस्कवर लिहिलं-वाचलं जातंय, आणि तीच डिस्क सी५ दाखवतेय. माउस अडकतो तो म्हणून.

मग ६४ बिट टाकूया म्हणाल. परवाना तोच चालतो, पण ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही, फॉरमॅट करून नव्यानं टाकावं लागतं. त्यात डोंगलचा ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही, आणि जुन्या सीडीतला एखादा इन्स्टॉलर १६ बिटचा असला तर तो उघडणारसुद्धा नाही. लिपी सॉफ्टवेअरवाल्यांकडं ६४ बिट ड्रायव्हर आहे का ते आधी विचारा. मिळत नसेल तर या मशीनला हात लावताना जपून.

प्रिंटर पोर्टाला यूएसबी केबल लावून डोंगल नव्या मशीनवर नेता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या केबली प्रिंटरपुरत्या असतात, डोंगलला लागणारे सिग्नल त्यातून जात नाहीत. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्डही बेभरवशाचं: जुना ड्रायव्हर ३७८ या पत्त्यावर पोर्ट शोधतो, कार्डाला दुसराच पत्ता मिळतो.

माझं मत: हे मशीन ३२ बिटच ठेवा, फक्त पत्रिकांसाठी. २४०-२५६ जीबीची एसएसडी घाला, रॅम आहे तेवढीच. इंटरनेट काढून टाका, म्हणजे सपोर्ट संपल्याची चिंताही मिटली. ऑनलाइन कामाला दुसरं, आठव्या पिढीचं जुनं मशीन.

एसएसडीचं काम असं करा. सी५ ८ आहे म्हणून आधी डेटा बाहेर, क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) नंतर. क्लोनझिला हे त्या कामाचं सॉफ्टवेअर मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर सहज क्लोन करत नाही, म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन आधी २०० जीबीच्या आत आकसून घ्या. डी ड्राइव्ह असेल तर त्यातलं सामान बाहेर घेऊन तो काढा. मग क्लोनझिलात ज्या डिस्कवर क्लोन जाणार तिचा आकार न तपासण्याचा पर्याय निवडा. खराब सेक्टरवर क्लोन अडला तर रेस्क्यूचा पर्याय देऊन पुन्हा चालवा.

केबल एच८१ च्या चारपैकी सेकंदाला ६ गिगाबिटच्या दोन पोर्टांतल्या एकात लावा, बाकीचे दोन ३ गिगाबिटचे असतात. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी हार्डडिस्क काढलेली हवी, नाहीतर विंडोज तिच्यावरूनच चालू होतं आणि एसएसडी लावूनही फरक नाही अशी ओरड होते.

बायोसमध्ये साटा मोड आयडीई (डिस्कशी बोलण्याची जुनी पद्धत) असेल तर एएचसीआय (नवी) करा, पण थेट नको. थेट बदललात तर निळी स्क्रीन येते, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. एमएसकॉन्फिगमधून सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या, मग खूण काढा.

जांबोटी_रोड

वरचं सगळं बरोबर, पण एसएमपीएस तपासल्याशिवाय नवी डिस्क जोडू नका. मशीन चालू असताना मोकळ्या चार पिनच्या प्लगमध्ये मल्टिमीटर लावा. पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ च्या आत. त्याबाहेर असेल किंवा मदरबोर्डावरचे कपॅसिटर वर फुगलेले दिसत असतील, तर एसएसडीवरही पैसे घालू नका. साटाची पॉवर वायर नसेल आणि कन्व्हर्टर घ्यावा लागला, तर एका अखंड ओतीव प्लॅस्टिकचा घेऊ नका. आत वायरी एकमेकींना टेकून ते जळतात. मागून टोपी उघडणारा घ्या.

आपल्याकडच्या पावसात आणखी एक होतं. चार महिने दमट हवा आणि तांबडी धूळ, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर धरतो. मशीन नुसतं बीप करतं किंवा मधेच निळं पडतं. वायर काढून पट्टी बाहेर घ्या, पेन्सिलच्या खोडरबरानं पुसा, चुरा ब्रशनं झाडा, स्लॉटमध्येही ब्रश फिरवा. सीआर२०३२ सेलही बदला. तो उतरला की तारीख मागं जाते आणि सरकारी पोर्टलं सर्टिफिकेटची चूक दाखवतात, लोक उगाच नेटवाल्याला शिव्या देतात.

अर्थिंग बघा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दाखवत असेल तर वायरमनला बोलवा. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच नको, फ्यूजर तापताना इतका करंट ओढतो की ६०० व्हीएचा यूपीएस जागीच बसतो.

निपाणीकर_७१

दुसऱ्या मशीनसाठी: कोल्हापूर, हुबळी, बेळगाव, कुठूनही घ्या, पण ‘आय५, विंडोज ११ टाकलेलं’ एवढ्यावर भुलू नका. आय५-६५०० सुद्धा आय५ च, आणि त्यावरही पळवाटेनं ११ टाकून विकतात. आय५ च्या पुढच्या नंबरात पिढी आठवी किंवा वरची हवी, जसं ८५०० (आठवी) किंवा १०४०० (दहावी). दुकानातच टीपीएम.एमएससी चालवून २.० दिसतंय का बघा. बायोस उघडायला सांगा. कंपन्यांतून निघालेल्या मशीनला पासवर्ड राहिलेला असतो, तो नंतर सहज सुटत नाही. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६०, एचपी प्रोडेस्क ४०० जी५, थिंकसेंटर एम७२० ही त्या पिढीची. ८ जीबी रॅम पुरे. यांचा एसएमपीएस नेहमीच्या २४ पिनचा नसतो, गेला तर तोच शोधावा लागतो, म्हणून निदान सहा महिन्यांची लेखी हमी घ्या. तुमचा मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर मागं व्हीजीए पोर्ट आहे का ते बघून घ्या.

खानापूर_डीटीपी

ड्रायव्हरसाठी फोन करतो. ६४ बिटचा मिळाला नाही तर टिळकवाडीवाल्यांनी सांगितलं तसं दोन मशीन. सफाई करताना डोंगल काढला तर चालतोय नव्हं?

टिळकवाडी_हार्डवेअर

चालतोय, पण मशीन पूर्ण बंद करून, भिंतीवरचं बटणही बंद. प्रिंटर पोर्ट यूएसबीसारखा चालू मशीनवर काढघाल करायचा नसतो, डोंगल किंवा बोर्डावरचा पोर्ट जळतो. परत लावल्यावर दोन्ही बाजूंचे स्क्रू हातानं घट्ट करा. आणि नेट तोडल्यावर फायली पेनड्राइव्हनंच येणार-जाणार, तो आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन करूनच इकडं लावा.